गुरुवारपासून नक्की

या अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा लेख द्यायची मुदत जवळजवळ संपत आली होती. विषय काय, तर कॉलेजातल्या मुलांची चालढकल आणि वेळेचं नियोजन. म्हणजे चालढकलीवर लेख मागायचीच त्यांनी इतके दिवस चालढकल केली. मी लगेच हो म्हटलं, कारण असल्या माणसांशी माझा उभ्या आयुष्याचा संबंध आहे. उपदेश मात्र माझ्याकडे नाही. चिंचवडात मी टायपिंगचा क्लास चालवला, त्या पडवीत जे पाहिलं आणि ऐकलं तेवढं सांगते.

पन्नास सालानंतरची पहिली काही वर्षं. चिंचवड म्हणजे नदीकाठचं देऊळ, भोवतालचं गाव आणि गावापासून बरंच लांब एक रेल्वे स्टेशन. पिंपरीला नुकताच मोठा कारखाना आला होता. आमचे हे तिथं स्टोअरमध्ये लागले, म्हणून आम्ही पुण्याहून इकडं राहायला आलो. माझे वडील कोर्टात टायपिस्ट, त्यामुळं लग्नाआधीच मी यंत्र शिकले होते. स्टेशनच्या रस्त्यावर आम्हाला दोन खोल्या आणि पुढं लांबलचक पडवी असं घर मिळालं. पडवीचं काय करायचं हा प्रश्न होता. मी एक जुनं यंत्र आणून ठेवलं, आणि बघता बघता चार झाली. घरात चार यंत्रं आणि एक नवरा, पाचांनाही वेळच्या वेळी तेल घालावं लागतं, असं मी म्हणायची आणि हे हसायचे.

भोसरी, चिखली, रहाटणी या गावांतली मुलं तेव्हा नुकती पुण्याच्या कॉलेजांत जायला लागली होती. सकाळी सायकल मारत चिंचवड स्टेशन गाठायचं, सायकल ओळखीच्या दारात लावायची आणि गाडी पकडायची. गाडीच्या आधीचा वेळ माझ्या क्लासचा. टायपिंगचं सरकारी सर्टिफिकेट हातात असलं की कुठल्याही कचेरीत उभं राहता येतं, ही गोष्ट खेड्यापाड्यांत पोचली होती. शिवाय शिकवणारी बाई आहे, हे बघायलाही काहीजण येत. पहिल्या दिवशी बरीचशी मुलं माझ्याकडं न बघता यंत्राशीच बोलत.

शिकवायची रीत अशी. इंग्रजी यंत्रावर मधल्या ओळीत आठ बोटं ठेवायची, अंगठा शब्दांमधल्या जागेसाठी. कुठल्या बोटानं कुठलं अक्षर मारायचं हे ठरलेलं. पहिला धडा मधल्या ओळीचाच, ए एस डी एफ आणि उजव्या हाताची त्याच ओळीतली अक्षरं. तेच पुन्हा पुन्हा, जांभया येईपर्यंत. खाली बघायचं नाही. कोणी बघितलंच तर काही दिसू नये म्हणून मी अक्षरांवर काळ्या कागदाचे गोल तुकडे खळीनं चिकटवले होते. ओळ संपत आली की यंत्रातली छोटी घंटी वाजते, मग दांडी सरकवून पुढची ओळ घ्यायची. एवढंच. त्यात अक्कल फारशी लागत नाही.

लागतो तो रोजचा थोडा वेळ, आणि नेमका तोच कोणाकडं नसतो. इतिहासाचा पेपर आदल्या आठवड्यात घोकून काढता येतो, मी स्वतः काढला आहे. बोटांना घोकंपट्टी समजत नाही. चिखलीचा एक तालीमबाज मुलगा नाव घालून जो गेला तो परीक्षेच्या तोंडावर उगवला आणि दिवसभर बसायला लागला. अंगात जोर भरपूर. तो ओ मारायचा तेव्हा कागदाला गोल भोक पडायचं. त्याचा कागद उजेडाकडं धरला की चाळणी दिसायची. चार दिवसांत त्याची बोटं सुजली. "बाई, तालमीत बी येवढं दुखत न्हाई," असं म्हणून तो जो गेला, तो पुढं मला फक्त कुस्त्यांच्या फडात दिसला. तिथं मात्र तो चांगला होता.

दुसरा एक कॉमर्सचा विद्यार्थी. तो शिकायला यायचा नाही, टाइप करून घ्यायला यायचा. एकदा गाडीची वेळ होत आली असताना धापा टाकत आला. "बाई, निबंध आजच द्यायचाय. प्राध्यापकांनी शेवटची तारीख दिलीय." मी कागद लावला आणि हात पुढं केला. निबंध कुठं होता? "तुम्ही सुरू करा, मी सांगत जातो," तो म्हणाला. पहिलं वाक्य फार झोकात सांगितलं. ते मी मारलं आणि थांबले. तोही थांबला. दुसरं वाक्य त्याच्याकडं नव्हतं. आम्ही दोघं गाडी येईपर्यंत त्या एका वाक्याकडं बघत बसलो. पुढं हाच मुलगा मोठ्या हुद्द्यावर गेला असं ऐकते, तेव्हा चालढकल करणाऱ्याचं वाटोळंच होतं असं काही मी म्हणणार नाही.

उलट टोकाची एकच आठवते. पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातली मोहिनी. सिंधहून आलेलं कुटुंब, शिक्षण मध्येच तुटलेलं. ती रोज चालत यायची, आई पायरीवर बसून तिची वाट बघायची. मोहिनीनं कधी दांडी मारली नाही. एकदा तापानं फणफणलेली असताना मी तिला म्हटलं, "आज घरी जा, उद्या ये." तर ती यंत्रावरून हात न उचलता म्हणाली, "बाई, उद्याचं काय माहीत." बाकीच्या मुलांना तिचा दाखला द्यायचा मोह मला व्हायचा, पण मी दिला नाही. ज्या मुलीचं घरदार एका दिवसात सुटलं, तिची शिस्त इतरांनी कुठून आणायची?

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्या ज्ञानोबाकडं येते. हा रहाटणीचा, शेतकऱ्याचा थोरला मुलगा. गावातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पवना नदीच्या उतारातून सायकल खांद्यावर घेऊन यायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि चपला हँडलला अडकवलेल्या. हुशार, गोड बोलणारा, आणि सुरुवात करण्याची अतोनात हौस असलेला.

नाव घातलं तो गुरुवार होता. त्यानं यंत्राला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, यंत्राच्या पाया पडला आणि मग माझ्याही पडला. खिशातून घडी घातलेला जाड कागद काढून दाखवला. पहाटेपासून झोपेपर्यंतचं वेळापत्रक, तांबड्या आणि निळ्या शाईनं आखलेलं. रविवार अख्खा त्यात गेला होता. मी चांगलं आहे म्हटलं, आणि खरंच ते चांगलं होतं.

शुक्रवारी तो आला, शनिवारी आला, सोमवारी आला नाही. मंगळवारी दारात उभा. आत यायला तयार नाही.

"अरे, ये की," मी म्हटलं.

"नाही बाई. काल खाडा पडला, आता हा आठवडा गेलाच. गुरुवारपासून नक्की."

गुरुवारी आला. नवा कोरा कागद, उदबत्ती, आणि पुन्हा पहिला धडा. मी म्हटलं, तुझं पहिल्या धड्याचं बरंच झालंय, पुढं चल. त्याला ते पटेना. मधे खंड पडला म्हणजे केलेलं फुकट गेलं, आता मुळापासून नीट करायचं. दोन दिवस मुळापासून नीट केलं आणि पुन्हा खाडा.

असं किती वेळा झालं याचा मी हिशेब ठेवला नाही. कधी पितृपक्ष, त्यात नवं काही धरायचं नाही. मग दसऱ्याला सुरू करू, तर दसऱ्याला यंत्राची पूजा, त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. मग दिवाळी. मग गावच्या भैरवनाथाची यात्रा. आमच्याकडं शुभ दिवस इतके आहेत की कामाला दिवस उरत नाही, आणि अशुभ दिवस आहेत त्यांत काम करायचं नाही. ज्ञानोबा आळशी नव्हता हे मी मुद्दाम सांगते. आळशी मुलगा नदी ओलांडून उद्याचं वचन द्यायला येत नाही. त्याला फक्त डागाळलेलं काही पुढं न्यायला नको असायचं. एक चूक झाली की तो कागद ओढून काढायचा. खर्रकन आवाज व्हायचा, आणि मला माजघरात कळायचं की ज्ञानोबानं पुन्हा नवीन आयुष्य सुरू केलं. वर्ष सरत आलं तरी गडी पहिल्या धड्यावरच. मात्र पहिला धडा त्याच्याइतका सुरेख माझ्या क्लासमध्ये कोणालाच येत नव्हता.

त्याचे वडील एके दिवशी स्वतःच आले. त्यांना सगळे आबा म्हणत. पायरीवरच बसले, वर या म्हटलं तरी आले नाहीत.

"बाई, पोरगं शिकतंय का न्हाई, येवढंच सांगा," ते म्हणाले. "आमाला इंग्रजी कळत न्हाई. कॉलेजचं इचारलं तर म्हनतो, चाललंय. तुमचं इचारलं तर म्हनतो, गुरवारपास्नं."

मी जे होतं ते सांगितलं. आबा रागावले नाहीत. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि त्यांचं म्हणणं सांगितलं. धाकटी मुलं लहान, मळ्यात हातांची गरज, आतापर्यंत कॉलेजचं कसंबसं निभावलं. यापुढं त्याचं त्यानं बघावं. कुठं सकाळची नोकरी धरून स्वतःची फी भरणार असेल तर खुशाल शिकावं. नसेल तर मळा आहेच. माझ्या वडिलांच्या ओळखीचे पुण्यातले एक वकील सकाळच्या वेळेपुरता टायपिस्ट शोधत होते, पण त्यांना सर्टिफिकेटवालाच हवा होता. उन्हाळ्यातल्या परीक्षेत ज्ञानोबा पास झाला तर ती जागा त्याला मिळणार, म्हणजे कॉलेज चालू राहणार. नाही झाला तर कॉलेज सुटणार. मी हे ज्ञानोबालाही स्वच्छ सांगितलं. तो पांढराफटक पडला आणि म्हणाला, "बाई, आता गुरुवारपासून अगदी नक्की."

तो गुरुवारही वाया गेला हे सांगायला नको. त्यानंतरच्या शनिवारी तो पुढच्या गुरुवारचं सांगायला आला. त्यात अमावास्या. आधीच्या मुलाला लवकरच्या गाडीची घाई होती, म्हणून तो दुसऱ्या धड्याचा अर्धा झालेला कागद यंत्रात तसाच ठेवून पळाला होता. ते यंत्र माझं सगळ्यात जुनं, त्याची घंटी तडकलेली. बाकीची यंत्रं टिंग करत, हे ठक् करायचं. मुलं त्याला म्हातारी म्हणत. मी ज्ञानोबाला म्हातारीसमोरचं स्टूल दाखवलं.

"बस."

"आज? बाई, आज अवस हाय. शनवार हाय." घाबरला की त्याची कॉलेजची भाषा उतरून जायची.

"तुला कुठं सुरुवात करायचीय? सुरुवात त्या पोरानं केलीय. कागद लावलेला आहे, अर्धा झालेला आहे. तू नुसतं पुढं चालव."

तो त्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिला. दुसऱ्याच्या चुकांनी भरलेला कागद, त्यात आपल्या चुका पडल्या तर बिघडतं कुठं? बसला. मारायला लागला. चुका झाल्या, तरी कागद ओढला नाही, कारण कागद त्याचा नव्हताच. गाडीची शिट्टी झाली तेव्हा तो दचकून उठला. ओळ अर्धीच राहिली होती. तो कागद काढायला गेला तर मी हातावर चापट मारली. कागद यंत्रातच राहू दे, सोमवारी इथूनच पुढं.

मग हाच नेम झाला. कागद भरल्याशिवाय काढायचा नाही, आणि उठताना ओळ, जमलं तर शब्दसुद्धा, अर्धा ठेवून उठायचं. खाडा पडला तरी कागद तिथंच असायचा. "बाई, तीन दिवस आलो नाही, आता..." असं तो म्हणायला लागला की मी नुसती म्हातारीकडं बोट करायची. यंत्र दुरुस्त करायला येणारा मिस्त्री माझ्यावर ओरडायचा, कागद तसाच ठेवला की रबरी रूळ दबतो म्हणून. मी म्हणायची, रूळ बदलता येतो. ज्ञानोबानं दुसरा धडा संपवला, तिसरा संपवला, पत्रं आली, तक्ते आले. उन्हं तापायला लागली तेव्हा वेगही बरा आला होता. फार नव्हे, पास होण्यापुरता. उदबत्ती केव्हा बंद झाली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

परीक्षेच्या आदल्या सकाळी तो एका व्यापारी पत्राचा सराव करत होता. "द मर्चंट सेंट द गुड्स बाय" इथवर आला आणि शिट्टी झाली. तो उठला.

"बाय काय?" मी विचारलं.

"बाय रेल," तो हसत म्हणाला. "परीक्षेनंतर पाठवतो की माल."

त्या काळी परीक्षेला आपापलं यंत्र घेऊन जायचं असे, हे आता कोणाला खरं वाटत नाही. केंद्र पुण्यातल्या एका शाळेत. ज्याचा हात ज्या यंत्रावर बसला, त्याला तेच यंत्र हवं. त्यामुळं परीक्षेच्या दिवशी आमच्या दारात लग्नाची वरात निघावी तशी गडबड. मी म्हातारीतला तो अर्धा कागद काढून बाजूला टाकला, रूळ बसवलेलं सरकतं कॅरेज हलू नये म्हणून सुतळीनं बांधलं, अक्षरांवरचे काळे तुकडे नीट आहेत ना ते बघितलं आणि यंत्रं गोधड्यांत गुंडाळली. आबा बैलगाडी घेऊन आले होते. यंत्रं गाडीत, मोहिनी आणि तिची आई गाडीत, ज्ञानोबा गाडीमागं चालत. स्टेशनवर आबांनी म्हातारीला स्वतः उचलून डब्यात ठेवलं. "लई जड हाय," एवढंच म्हणाले आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले.

शिकवणाऱ्यांना परीक्षेच्या खोलीत जाता येत नाही. आम्ही सगळे क्लासवाले बाहेर व्हरांड्यात उभे. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण ऐकू येतं, आणि ऐकायची आम्हाला सवय असते. घंटा झाली आणि आत एकदम गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. एवढ्या यंत्रांत म्हातारी कुठली हे शोधायची मला गरज नव्हती. सगळीकडं टिंग टिंग चाललेलं आणि मधून एक ठक्. पहिला ठक् आला तो वेळेवर आला. दुसरा आला. मी हातातला पदर सोडला.

आणि मग तो आवाज आला. खर्रर्र.

परीक्षेत चूक झाली तर पुढं जायचं असतं. एका चुकीचे थोडे गुण जातात. कागद ओढून पुन्हा पहिल्यापासून मारायला घेतला की वेळ जातो, आणि उतारा अपुरा राहिला तर सगळंच जातं. हे मी प्रत्येक मुलाला सांगते आणि त्यालाही सांगितलं होतं. खर्रर्र कोणाच्याही यंत्राचा असू शकतो, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण त्या आवाजानंतर ठक् यायला फार वेळ लागला. मग घाईघाईनं एक ठक्, दोन ठक्, आणि पुन्हा खर्रर्र. शेजारच्या क्लासचे मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचा का हो?" मी मान हलवली. मोहिनीची आई माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला वाटलं तिच्या मुलीचं काही झालं. मी तिला खुणेनं नाही म्हटलं.

ज्ञानोबा बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. "कोरा कागद बघितला आणि बाई..." एवढंच म्हणाला. मला वाईट वाटत होतं. सबंध वर्षात मी त्याला कोऱ्या कागदाची सवय केलीच नव्हती, हे तिथं त्या व्हरांड्यात माझ्या ध्यानात आलं. परतीच्या गाडीत म्हातारी त्याच्या मांडीवर होती.

परीक्षा झाल्यावर क्लासला कोणी येत नाही, तोही आला नाही. निकाल येईपर्यंत कॉलेजात जायला आबांनी मोकळीक दिली होती, म्हणून स्टेशनकडं जाताना दिसायचा, लांबूनच नमस्कार करायचा. पाऊस ओसरला, पितृपक्ष लागला, तेव्हा निकाल आला. मोहिनी चांगल्या गुणांनी पास. तिला कारखान्यात जागाही मिळाली आणि तिच्या आईनं मला शेवयांची खीर आणून दिली. ज्ञानोबा नापास. उतारा अपुरा. त्यानं निकाल वाचला, घडी करून माझ्या हातात परत दिला आणि गेला. गुरुवारचं काही बोलला नाही. तेवढ्यावरूनच मी ओळखलं की संपलं. ज्याला पुढचा गुरुवारसुद्धा दिसत नाही, त्याच्याशी काय बोलणार?

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी मी पडवीचं दार उघडलं तर पायरीवर ज्ञानोबा, आणि त्याच्या मागं आबा. नदीला अजून पाणी होतं, दोघं नावेनं आले होते. आबांचं धोतर ओलं होतं.

"बाई," आबाच आधी बोलले, "काल राती सांगितलं याला, झालं येवढं बास झालं. बाजरी काढायला आलीय, सोमवारपास्नं मळ्यात लाग. ह्यो व्हय म्हनला. आन सकाळी बगतो तर ह्यो नदीकडं निघालेला. म्हनलं, आरं, पित्रं चालल्यात, शनवार हाय, आज काय नवं काढलंस? तर म्हनतो, नवं न्हाई आबा. म्हनून आलो संगं. म्हनलं बगू तरी काय हाय ते."

ज्ञानोबा माझ्याकडं बघत होता. "बाई, परीक्षेच्या आदल्या दिवशीचा माझा कागद अर्धा राहिला होता. तो कुठं आहे?"

कागद कधीच गेला होता. यंत्र पुण्याला न्यायचं म्हणून काढला आणि दुसऱ्या दिवशी बंब पेटवायला वापरला. मी कागद जपून ठेवणारी बाई नव्हे, आणि खोटं बोलण्याचीही मला सवय नाही.

"बंबात गेला," मी म्हटलं.

मला वाटलं, झालं. आता कागद नाही, म्हणजे कोरा कागद, म्हणजे पहिल्यापासून, म्हणजे पितृपक्ष संपला की. मनातून मी तयारीत होते. त्याला बोलायचं असेल ते बोलून घेऊ दे, मग चहा टाकू, असं ठरवलं.

तो आत आला आणि म्हातारीसमोर बसला. वरचं कापड काढलं. कोरा कागद घेतला, रुळात घातला आणि रूळ फिरवायला लागला. कागद वर यायला लागला. पहिली ओळ जिथं मारतात तिथं तो थांबला नाही. फिरवत राहिला, फिरवत राहिला, निम्मा कागद मोकळाच वर निघून गेला. मग हात मधल्या ओळीवर ठेवले आणि एक शब्द मारला. मी मागं जाऊन बघितलं. रेल. पूर्णविराम. आणि पत्रातलं पुढचं वाक्य.

आबा पायरी चढून पहिल्यांदाच पडवीत आले होते. ते माझ्या शेजारी उभे राहून कागदाकडं बघत होते.

"वरचं मोकळं का सोडलं त्यानं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मला उत्तर द्यायची पाळीच आली नाही. "वरचं झालंय, आबा," ज्ञानोबा म्हणाला. त्याचे हात थांबले नव्हते. बोलता बोलता त्याची एक चूक झाली, ती मला दिसली, त्यालाही कळली. तो पुढं गेला. ओळ संपली आणि म्हातारीनं ठक् केलं.

आबा अजून एक ठक् होईपर्यंत उभे राहिले. मग विचारलं, "फुडची परीक्षा कवा?"

"दिवाळीनंतर."

"आन ते वकीलसाहेब?"

"थांबतील," मी म्हटलं. "पुढची तारीख द्यायची-घ्यायची त्यांना सवयच असते."

आबा हसले नाहीत. पायरीवर काढलेले जोडे हातात घेतले, मुलाकडं एकदा बघितलं आणि नदीच्या बाजूला वळले.

"मंग बाजरीचं म्या बगतो," ते म्हणाले.